कुंभारपेठ यंत्राच्या मुखी गेली त्याची हकिकत

श्रीगजवदन प्रसन्न. ज्या राज्यी कागद बोलतो आणि माणूस मुका उभा राहतो, त्या राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, सबब लिहिले नाही. वर्तमान मात्र घडले तैसे लिहितो, पदरचे अक्षर नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर. आणि संवत्सराने आपले नाव सार्थ केले.

तर त्या राज्याचे नगरकचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदींचे जुने दफ्तर होते, आणि यमुनाबाई गोसावी त्याच्या दफ्तरदार होत्या. बाई शिकलेल्या, जिभेने तिखट, वरिष्ठांस तोंडावर सुनावणाऱ्या, म्हणोन बढतीस मुकलेल्या. त्या वर्षी हुजुरातून हुकूम सादर जाहला की दसऱ्याचे आत समस्त दफ्तर स्कॅन करोन संगणकात भरावे, आणि स्कॅन जाहलेले कागद लगद्याचे गिरणीस धाडोन जागा मोकळी करावी. कामावर दिगंबरपंत कारखानीस यांस मुख्य नेमिले, आणि मेजावर मावेल एवढे स्कॅनर यंत्र आले, त्यास हार घातला, नारळ फोडिला, पेढे वाटिले. मग यमुनाबाई बोलिल्या, "पंत, यंत्र चांगलं आहे, पण कागद आधी त्याच्या तोंडी देण्याजोगे करायला हवेत. टाचण्या काढायच्या, पिना काढायच्या, दुमडलेले कोपरे सरळ करायचे, चिकटलेले सोडवायचे, लहानमोठे निराळे लावायचे. आणि जे जीर्ण आहेत ते वरून घालायचेच नाहीत, एकेक काचेवर ठेवून घ्यायचे. त्याला माणसं द्या." पंत हसले आणि बोलिले, "बाई, मग यंत्र कशाला आणलं? वरून घाला, खालून बाहेर येईल. दसरा काही थांबत नाही."

आणि पंतांनी दोन कारकून बसविले, आणि गठ्ठे जैसे बांधिले होते तैसे सोडोन यंत्राच्या मुखी कोंबावयास लाविले. मग जे जाहले ते ऐका. गंजल्या टाचण्यांनी काचेवर ओरखडे पडले, आणि ते ओरखडे पानोपान काळ्या रेघा होऊन उमटले. दमट कागद एकमेकांस चिकटोन जोडीने गेले, तेव्हा एकाचे चित्र निघाले आणि दुसऱ्याचे निघालेच नाही. दुमडल्या कोपऱ्यांखाली बापांची नावे झाकोन गेली. जीर्ण पाने रुळांत अडकोन चिंध्या जाहली, आणि त्या चिंध्या ओढोन केराच्या टोपलीत टाकिल्या. यंत्र बिचारे घडीघडीस अडकोन तांबडा दिवा दाखवी, आपल्या परीने ओरडोन सांगे. पंतांनी त्या दिव्यावर चिठ्ठी चिकटविली. अरे, शत्रू लुटतो तो निदान वेस फोडोन लुटतो! येथे घरचेच घर लुटीत होते, आणि आज किती पाने सरली त्याचा आकडा हुजुरास धाडोन शाबासकी घेत होते! मग कुंभारपेठेच्या नोंदींचे गठ्ठे गिरणीच्या पहिल्या गाडीत भरिले. यमुनाबाई आडव्या आल्या, परंतु पंतांनी नोकरीचा दम दिला, आणि बाईंचे पती घरी अंथरुणास खिळलेले, तेव्हा बाई त्या दिवशी गप राहिल्या आणि गाडी गेली. ते गप राहणे त्यांस पुढे फार जाळीत राहिले.

मग काही दिवसांनी लोणारगल्लीच्या हौसाबाई लोणारी लेकीस घेऊन खिडकीशी आल्या. लेक कालिंदी, तीस परिचारिकेच्या विद्यालयी जागा मिळाली होती, आणि जातीच्या दाखल्यास आज्याची जन्मनोंद पाहिजे होती. कारकुनाने संगणकात पाहिले आणि मान न उचलता बोलिला, "नोंद नाही." हौसाबाई बोलिल्या, "नाही कशी? गेल्या साली ह्याच डोळ्यांनी बघितली. बाईंनीच काढून दाखवली होती." कारकून बोलिला, "तेव्हा असेल. आता यंत्रात नाही, म्हणजे नाही." कालिंदीचा चेहरा उतरला. तो चेहरा यमुनाबाईंनी पाहिला, आणि त्याच घडीस दारात दुसरी गाडी लोणारगल्लीच्या कागदांची पोती भरोन गिरणीस निघावयास सिद्ध होती. बाई उठल्या, चष्मा सावरला, बाहेर गेल्या, आणि गाडीसमोर रस्त्यात मांडी घालोन बसल्या. गाडीवान बोलिला, "मावशी, उठा, मला उशीर होतोय." बाई बोलिल्या, "मग माझ्या अंगावरून ने." तेव्हा गाडीवानाने इंजिन बंद केले आणि खाली उतरोन बिडी पेटविली.

मग पंत धावत आले आणि ओरडले, "यमुनाबाई, हा काय तमाशा! निलंबित करीन!" बाई बोलिल्या, "करा. आजच करा. पण हिच्या आज्याचा लगदा होऊ देणार नाही. माणूस जन्माला आला, त्याला साक्ष म्हणून हा एवढा एक कागद. तुमच्या वडिलांचा असता तर असाच कोंबला असता का?" मग हौसाबाई बाईंच्या शेजारी बसल्या, आणि खिडक्यांशी खोळंबलेली माणसे एकेक येऊन बसली, आणि गाडीस वाट उरली नाही. तेव्हा पोती उतरविली. अंगणात सतरंज्या अंथरोन सगळे बसले, कोणी टाचण्या उपटी, कोणी कोपरे उलगडी, कोणी मऊ ब्रशाने धूळ झाडी. आणि दोन प्रहरी एका कागदाच्या पाठीस चिकटलेला दुसरा सापडला. यमुनाबाईंनी मध्ये पातळ पट्टी सरकवोन श्वास रोधोन तो सोडविला, यंत्राची काच पुसोन तीवर निजविला, आणि पडद्यावर आज्याचे नाव, बापाचे नाव, जात, गल्ली, सारे स्वच्छ उमटले. कालिंदी तेथेच खाली बसोन रडली. हौसाबाई तीस बोलिल्या, "रडतेस काय? वाच मोठ्यानं." आणि तिने वाचिले.

मग पुढील दफ्तर त्याच रीतीने नीट करोन स्कॅन जाहले, त्यास संक्रांत उजाडली. परंतु हुजुरी न्याय पहा! यमुनाबाईंस कारणे दाखवा म्हणोन नोटीस आली, आणि पंतांस जागा मोकळी केल्याबद्दल शाल आली. शालीचा समारंभ पंतांच्या दालनी चालला असता कुंभारपेठेचे म्हातारे रावजी कुंभार वयाच्या दाखल्यास खिडकीशी आले, आणि कारकून बोलिला, "आजोबा, यंत्रात तुमचा जन्म झालेलाच नाही." हे यमुनाबाईंनी ऐकिले. त्यांनी रावजींचा हात धरिला, समारंभात शिरल्या, पंत शाल घ्यावयास उभे होते तो त्यांच्या खुर्चीवर रावजींस बसविले, आणि सर्व मानकऱ्यांदेखत बोलिल्या, "पंत, हे जन्मलेच नाहीत म्हणे. मग खुर्चीत कोण बसलंय ते सांगा. आणि सांगू नका, लिहून द्या."

रावजी संकोचोन उठू लागले तो बाई बोलिल्या, "बसा, बाबा. त्यांचं लिहून होऊ द्या." मग पंतांनी शाल बाजूस ठेविली आणि रावजी जन्मले आहेत ऐसे लिहून दिले. आणि दुसरे दिवशी सकाळी कचेरी उघडते तो अवघी कुंभारपेठ तैसेच लिहून घ्यावयास दारात उभी होती.

एवं वर्तमान. यंत्राचा अपराध नाही, ते बिचारे दिले तेवढेच पाहते. अपराध देणाऱ्या हातांचा, आणि त्या हातांस शाल पांघरणाऱ्यांचा. लेखनसीमा.