अ‍ॅसर्बिकली आणि तांबडा रस्सा

१९९७ साली मी बायकोचं बोलणं वहीत उतरवून घ्यायचं ठरवलं आणि आमच्या घरातला तांबडा रस्सा बंद झाला.

आमची अवंतिका तेव्हा नववीत. इंग्रजीच्या बाईंनी गृहपाठ दिला होता : 'अ‍ॅसर्बिकली' या शब्दाचा अर्थ, मूळ आणि घरात ऐकलेलं एक खरं उदाहरण. सोमवारी वही द्यायची. (आपल्याला इंग्रजी येतं ही अफवा घरात मीच पसरवली होती. शाहूपुरीतल्या ऑफिसात मी 'युवर्स फेथफुली' बिनचूक टाइप करायचो.) डिक्शनरी उघडली. मूळ लॅटिन, कच्च्या फळाची आंबट-तुरट चव. त्यावरून, ऐकणाऱ्याचे दात आंबतील असं झोंबरं बोलणं.

"एवढंच ना? उदाहरणं आपल्या स्वयंपाकघरात रोज ताजी मिळतात," मी म्हणालो.

माझी बायको श्यामला बिद्री गावची. तिचं साधं "जेवाय या"सुद्धा गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. मी दाराआड बसून दोन दिवसांत सतरा वाक्यं टिपली, तारीख-वेळेसह. (कारकुनाची खोड!) तिसऱ्या दिवशी माझी ती वही तिच्या हाती लागली आणि तिथून थेट बंबात गेली.

मला वाटलं, आता अठरावं मिळणार. पण ती गोड हसली.

"आपण चहा घेणार का?"

आपण! लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण असा घाम कधी फुटला नव्हता. त्यानंतर बोलणंही मऊ आणि जेवणही. नुसता पांढरा रस्सा! मी मुद्दाम चिखलाच्या चपला घालून स्वयंपाकघरात फिरलो.

"असू द्या, पुसून घेते मी."

अवंतिका रडकुंडीला आली. "पप्पा, आई आजारी आहे का? आणि माझं उदाहरण?"

रविवारी माफी म्हणून मीच तांबडा रस्सा करायला घेतला. दहा मिनिटांत तिखटाच्या धुरानं शेजारीपाजारी खोकायला लागले. श्यामला नाकाला पदर लावून धावत आली.

"आवो, चटणी घातलीया का अख्खा डबाच उपडा केलायसा? माझं बोलणं लिवून घ्याय येतंय, आनि कालवान ढवळाय येत न्हाय व्हय? एक काम धड जमत न्हाय बगा तुमास्नी!"

माझ्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं. (थोडं चटणीचंही असेल.) घर पुन्हा घरासारखं झालं. "परत एकदा म्हण की," मी म्हणालो, तर तिनं पळीच उगारली.

आता अवंतिका बंगळुरात नोकरी करते. घरात आम्ही दोघंच, आणि श्यामलाही हल्ली हळू बोलते. त्या आरडाओरड्याची मला फार आठवण येते. गेल्या महिन्यात माळा आवरताना अवंतिकाची ती गृहपाठाची वही सापडली. 'पप्पांना एक काम धड जमत नाही, असं आई अ‍ॅसर्बिकली म्हणाली,' या इंग्रजी वाक्याखाली बाईंचा लाल शाईतला शेरा होता. तो अवंतिकानं मला कधी दाखवलाच नव्हता.

'उदाहरण अचूक. पालकसभेला पप्पा आले, तेव्हा मलाही हाच अनुभव आला.'

मी तो श्यामलाला मराठीत वाचून दाखवला. कितीतरी दिवसांनी ती गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई लई शानी हुती की!"