ठोकळ्याचा काय गुन्हा

उष्णतेच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. माझा जन्म इस्त्रीच्या टेबलापाशी गेला. लोखंड किती तापलंय ते मी नुसतं गालाजवळ धरून सांगतो, आणि माझ्या हातून आजवर कुणाचा रुमालही जळलेला नाही. म्हणून लेकीच्या अ‍ॅम्प्लिफायरमधली चिप तापते असं कळलं तेव्हा मी म्हटलं, त्यात काय, मी बघतो.

लेक बेस गिटार वाजवते. तारा चारच, पण दोरखंडासारख्या जाड. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे तिचा आवाज मोठा करणारी गुडघ्याएवढी पेटी. आमच्या हिला आता दोन्ही कानांनी काही ऐकू येत नाही. दार आपटलं तरी ढिम्म. पण लेक वाजवायला लागली की ही त्या पेटीवर पाय ठेवून बसते आणि गाणं तिला तळपायांतून कळतं. त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे मी बघायचं टाळतो.

हल्ली मात्र चार सूर झाले की पेटी तापायची आणि मुकी व्हायची. त्यात लेक दुसऱ्या दिवशी सकाळीच निघणार होती. प्रवासी जहाजावरच्या वाद्यवृंदात नोकरी लागली होती. परत कधी, ते जहाजालाच ठाऊक. हिला लेकीचं गाणं मिळायचं ते त्याच संध्याकाळी. पेटी कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे नेऊ, हात लावू नका, असं सांगून लेक बॅग आणायला गेली. मी स्क्रू ड्रायव्हर काढला.

आत नखाएवढी काळी चिप होती आणि तिच्या डोक्यावर खाचाखाचांचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा स्क्रूने आवळून बसवला होता. पेटी चालू करून थोडा वेळ तारा छेडल्या आणि ठोकळ्याला बोट लावलं. चर्रकन भाजलं. चोर सापडला! एवढीशी चिप, आणि तिच्या उरावर तापलेली इस्त्री ठेवून दिलेली. कुणाचंही डोकं फिरेल. मी ठोकळा काढून खिशात टाकला. खाली चुन्यासारखा पांढरा लेप होता, तोही स्वच्छ पुसला.

पुन्हा चालू केलं. पेटी अशी घुमली की कपाटातल्या कपबशा हलल्या. मी स्वतःची पाठ थोपटायला हात मागे नेतोय तोच आत टक् झालं आणि धूर निघाला.

ऐकू येत नसलं तरी हिचं नाक शाबूत आहे. ती स्वयंपाकघरातून हुंगत आली. मी पेटीवर चादर टाकली आणि खुणेनं सांगितलं, शर्ट जळला. कुठला, म्हणाली. दाखवतो म्हणून मी आतल्या खोलीत पळालो. आता जळका शर्ट आणायचा कुठून? शेवटी स्वतःचाच बरा शर्ट टेबलावर पसरला, त्यावर तापलेली इस्त्री ठेवली आणि डोळे मिटून उभा राहिलो. आयुष्यभराची अब्रू शर्टाच्या पाठीवर तांबूस त्रिकोणासारखी उमटली. तो शर्ट हिनं उलटसुलट पाहिला आणि दोरीवर टाकला.

लेक रेडिओवाल्याला घेऊनच आली. त्यानं पेटीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ठोकळा कुठे आहे विचारलं. मी खिशातून काढून दिला.

"काका, हा तिला तापवत नव्हता," तो म्हणाला. "तिचा ताप स्वतःच्या अंगावर घेत होता."

पेटीच्या जाळीत माझ्याच टेबलावरची कापडाची लव अडकली होती, म्हणून ठोकळ्याला वारा लागत नव्हता. ब्रश मारला असता तरी भागलं असतं. आता नवी चिप मागवायची, ती पुढच्या आठवड्यात येणार. लेक बॅग भरायला लागली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आईला कळू द्यायचं नाही, एवढं मात्र आम्ही ठरवलं. संध्याकाळी ही पेटीवर पाय ठेवून बसली. लेक मुक्या गिटारवर बोटं फिरवू लागली. मी पेटीमागे उकिडवा बसलो आणि लेकीची बोटं बघून लाकडावर मूठ हाणू लागलो. बराच वेळ हिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, जमलं.

"अहो, बाहेर या," ही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हात दुखेल. जळक्या कापडाचा वास मला ओळखू येत नाही होय? मघाशी आला तो कापडाचा नव्हता."

मग तिनं लेकीला जवळ बसवलं, गिटारच्या लाकडावर तळवा ठेवला आणि वाजव म्हणाली. थोडं थोडं कळतंय, असंही म्हणाली. तिचं खोटं आम्हाला लगेच कळतं, पण त्या संध्याकाळी दोघांनीही ते खरं धरलं.

लेक गेली. पुढच्या आठवड्यात चिप आली, रेडिओवाल्यानं ठोकळा नीट बसवून दिला. पेटी आता अजिबात तापत नाही. वाजवायलाच कुणी नाही, तर तापेल कशानं?

संध्याकाळ झाली की ही सवयीनं पेटीवर पाय ठेवते. मी मागे जाऊन बसतो आणि लेकीची बोटं आठवून मूठ हाणत राहतो.

"चुकतंय तुमचं," ही वरून सांगते.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.