बनावट असल्याचा जबाब

बार्शीच्या कमलिनीबाई उकिडवे जुनी नाणी पारखण्याआधी नियमाप्रमाणे नाण्याचा जबाब घेत. त्या मंगळवारी अंबादास झालट्यांच्या पितळी बिल्ल्यानं "मी बनावट आहे" असा जबाब दिला.

बाईंचं पेन थांबलं. बावीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. नाणी खोटं बोलतात, पण स्वतःला चढवून. परवाचा आणासुद्धा आपण पेशवाईतला असल्याचं शपथेवर सांगतो. स्वतःची किंमत पाडणारा नग म्हणजे कुणीतरी पढवलेला नग.

त्यांनी समोरच्या दोघांकडे चष्म्यावरून पाहिलं. अंबादास बाजार समितीतून थकून घरी बसलेले हमाल. शेजारी त्यांची मुलगी रेवती. बिल्ल्याला पुण्याचं गिऱ्हाईक तिनंच शोधलं होतं. आलेल्या पैशांतून तिला शिलाईचं दुकान टाकायचं होतं. अडलं होतं ते बाईंच्या अस्सलपणाच्या दाखल्यापाशी.

"बिल्ला कुणाचा?"

"माझ्या आज्याचा," अंबादास म्हणाले. "भाईदास झुंबरलालच्या पेढीवर हमाली करायचा. पोतं उतरवलं की मुनीम एक बिल्ला द्यायचा, सांजच्याला बिल्ले परत घेऊन मजुरी. ह्यो एक त्यानं दिलाच न्हाई."

"का?"

"ते काय बोलला न्हाई तो."

बाईंनी दोघांना बाहेर जिन्यात उभं केलं आणि भिंग काढलं. पेढीचा छाप खोल बसलेला, अक्षरं बोटांनी झिजलेली. भोकाची एकच कड दोऱ्यानं घासून पातळ झाली होती. तसं व्हायला पन्नास वर्षं तरी लागतात.

"तू अस्सल आहेस," बाई म्हणाल्या.

"नाही. सोलापूरच्या एका भांडीवाल्यानं केलंय मला. शिकाऊ होता."

"पुरावा?"

"माझा शब्द."

"बनावट नगाचे कातरीनं दोन तुकडे करावे लागतात. माहीत आहे ना?"

बिल्ला म्हणाला, "कातरीला धार आहे ना?"

बाईंनी दोघांना आत बोलावलं आणि कातर टेबलावर ठेवली. "नगानं स्वतःच्या विरुद्ध दिलेला जबाब मला मानावाच लागतो," त्या म्हणाल्या. "माझं भिंग काहीही सांगो."

"अण्णा, हे तुमचंच काम!" रेवतीचा आवाज चढला. "पाठवायचा नव्हता त्याला, तर तोंडानं सांगायचं होतं मला."

अंबादासांनी कातरीवर पंजा ठेवला. "व्हय. मीच पढवलं त्याला. रोज सकाळी, चहा घेताना."

"खोटं बोलतोय," बिल्ला म्हणाला. "ह्याला पोरीशी चार शब्द धड बोलता येत नाहीत, मला काय पढवणार?"

बाई आळीपाळीनं बिल्ल्याकडे आणि अंबादासांकडे बघत राहिल्या. एक जण दुसऱ्याला वाचवत होता एवढं नक्की. कोण कुणाला, ते कळायला मार्ग नव्हता. आणि दोघांवरही विश्वास ठेवावा असं त्यांना वाटेना. अशा वेळी नियम स्पष्ट होता. नग आणि मालक एकमेकांसाठी खोटं बोलत असतील, तर दोघांची पारख एकत्र करायची.

खालच्या भुसार दुकानातल्या काट्यावर अंबादासांना बिल्ल्यासकट उभं केलं गेलं. वर येऊन बाईंनी दाखला लिहिला: 'नग एक. पितळी बिल्ला, मालकासह. अस्सल. वेगळे करू नये.'

रेवतीनं तो दोनदा वाचला. "म्हणजे विकायचं झालं तर?"

"दोघांना मिळून."

तिनं जिन्यातून पुण्याला फोन लावला. गिऱ्हाइकानं वय विचारलं, पथ्य विचारलं, रात्री खोकला येतो का तेही विचारलं. मग म्हणाला, घेतलं असतं, पण कपाटाचे कप्पे लहान आहेत.

ती परत आली तेव्हा अंबादास जमिनीकडे बघत होते. तिनं दाखल्याची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"चला," ती शेवटी म्हणाली. "पायऱ्या उंच आहेत. माझा हात धरा."

अंबादासांनी बिल्ला सदऱ्याच्या खिशात टाकला. दारात वळून त्यांनी विचारलं, "बाई, खरं सांगा. माझ्यामुळं भाव वाढला का पडला?"

"पडला," बाई म्हणाल्या. "बराच पडला."

"खोटं बोलतीये ती," खिशातून आवाज आला.

कमलिनीबाईंनी वही पुन्हा उघडली आणि हाही जबाब वेळेसकट नोंदवून घेतला.