हळकुंडवाले बाबगोंडा अण्णा

एमआरआयच्या खोलीत जाताना अंगावरचा सगळा दागिना उतरवावा लागतो, आणि आमच्या भागातली बाई एक वेळ दुखणं अंगावर काढील, पण मंगळसूत्र काढणार नाही. म्हणून सांगलीतल्या आमच्या स्कॅन सेंटरच्या दाराशी बाबगोंडा अण्णा प्लास्टिकचा डबा घेऊन बसतात. डब्यात पिवळ्या दोऱ्यात ओवलेली हळकुंडं. मंगळसूत्र तुटलं की नवं ओवून येईपर्यंत बायका गळ्यात हळकुंड बांधतात, तीच रीत अण्णांनी इथे आणली. हळकुंड हातात द्यायचं, बाई ते बांधेपर्यंत पाठ फिरवून उभं राहायचं आणि मग तिचं मंगळसूत्र स्कॅन होईतो सांभाळायचं.

"आवं वयनी, ह्ये मशीन लय हावरं हाय. दागिना दिसला की तेचं कामावर ध्यान ऱ्हात न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आधी हळदीच्या गोदामात उमर गेल्यामुळे निवड भलती चोखंदळ. म्हातारीला जाड, नव्या नवरीला नाजूक, आणि किडकं निघालं तर "सवाष्णीला नगं" म्हणून बाजूला. एका मावशींसाठी त्यांनी चार हळकुंडं हुंगून पाहिली, तोवर आत मशीन आणि मी ताटकळत होतो.

आता खरं सांगतो, मी अण्णांवर जळतो. मी साताऱ्याचा, मशीन चालवणारा मी. हल्ली आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर आलंय. पूर्वी स्वच्छ चित्रासाठी पेशंटला अर्धा तास आत ठेवावं लागे. आता मशीन थोडीच माहिती घेतं आणि हजारो चित्रं पाहून शिकलेला कॉम्प्युटर त्या खरखरीत चित्रातून लख्ख चित्र काढून देतो. दहा मिनिटांत गुडघा! हे शिकायला मी पुण्याला गेलो, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं. आणि वडूजची म्हातारी बाहेर येऊन काय म्हणते? "अण्णा हुतं म्हून निभावलं." पाचगणीच्या एका पेशंटनं स्ट्रॉबेरीची पेटी आणली, तीही अण्णांना. मला दोन मिळाल्या, त्या अण्णांनी दिल्या म्हणून. आंबट निघाल्या.

शेवटी मी डॉक्टरांच्या कानाशी लागलो. "सर, स्कॅन दहा मिनिटांत होतो आणि हळकुंड निवडायला पंधरा लागतात." खोटं नव्हतं. अण्णांना फायलींच्या खिडकीवर बसवलं, दारावर ‘सर्व दागिने काढावेत’ अशी पाटी लागली. त्या दिवशी मी चहा दोनदा घेतला.

दुसऱ्याच दिवशी मानेच्या स्कॅनला एका फौजीची बायको आली. नवरा सीमेवर. पाटी वाचून तिनं मुकाट्यानं मंगळसूत्र काढलं, आणि आत गेल्यावर जी रडायला लागली ती थांबेना. हुंदक्यांनी मान हलायची आणि चित्र बिघडायचं. तीनदा घेतलं, तीनदा बिघडलं. खरखर पुसणारं माझं सॉफ्टवेअर इतक्या हलण्यापुढे थिटं पडलं. उठून खिडकीवर गेलो. अण्णा डबा घेऊन उठले. नंतरचं काम दहा मिनिटांत झालं. पाटी मीच काढली.

चहाच्या वेळी मी सांगून टाकलं, "अण्णा, तुमची तक्रार मीच केली होती."

"म्हाईत हाय." ते बशीत फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, "मला तर तुजाच हेवा वाटतोय गड्या. तुला आतलं समदं दिसतंय. मी निस्ता दागिना धरून बसतोय. बाई भाईर आली की परत देतोय. फुडं ती बरी झाली का न्हाई, मला कोन सांगतंय? घरात बी कोन न्हाई बोलाय. बाजारात गेलो की तोंडं बगत फिरतोय, आपल्याकडं येऊन गेल्याली एकादी दिसती का."

"चित्र दिसतं अण्णा," मी म्हणालो, "पण पुढचं मलाही कुणी सांगत नाही."

"असं व्हय?" अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ती फौज्याची मंडळी उद्या रिपोर्ट न्याला येनार हाय. दोगं मिळून इचारू."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मी साताऱ्याची गाडी सोडून दिली आणि सकाळी नऊलाच अण्णांशेजारी जाऊन बसलो.