तिसऱ्या भोकावरचं निशाण

"गाठ ओली केलीस का?" आर्डिसने विचारलं.

"केली."

"थुंकी लावून?"

"नाही, अत्तर लावून," डेलमार मफलरमध्ये पुटपुटला आणि उघड्या बोटांनी तंगूस ओढत बसला. बोटं त्याची स्वतःची आहेत की शेजाऱ्याची, हे थंडीने त्याला केव्हाच कळेनासं झालं होतं.

आर्डिसच्या हातात वर्नॉनची वही होती. वर्नॉन म्हणजे तिचा नवरा आणि डेलमारचा थोरला भाऊ. नोव्हेंबरात तो गेला, आणि जाताना दोन पानं सूचना लिहून गेला. जानेवारीत तळं पुरतं गोठलं की खडकाळ उथळ्यावर गिरमिटाने तीन भोकं पाडायची. तिन्हींवर त्याचे टिप-अप, म्हणजे मासा ओढताच निशाण उभं करणारे सापळे, लावायचे. गळ छोट्या मासळीच्या पाठीवरच्या पराखालून टोचायचा, तळापासून वीतभर वर सोडायचा. मग सूर्य कलताना, वॉलआय मासे चरायला निघतात त्या वेळी, मधल्या भोकातून वर्नॉनची राख खाली सोडायची. शेवटची ओळ अधोरेखित केलेली होती : "गाठी डेलमारने माराव्यात. आर्डिसने तपासाव्यात."

ही ओळ डेलमारने पंचवीस वेळा वाचली होती. ही माफी आहे की शिक्षा, हे त्याला कळत नव्हतं.

कारण गेल्या फेब्रुवारीत याच उथळ्यावर वर्नॉनच्या टिप-अपचं निशाण ताडकन उभं राहिलं होतं. भोकाच्या तोंडाशी दोन काचेसारखे डोळे दिसले, आणि एवढा मोठा वॉलआय वर्नॉनने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. तेवढ्यात दोरी सैल पडली. वर आलं ते तंगुसाचं रिकामं टोक, डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं. तंगूस तुटला असता तर टोक सरळ राहिलं असतं. वळलेलं टोक म्हणजे गाठ सुटली. गाठ डेलमारने मारली होती, कोरडी, आणि कोरडी गाठ घसरते.

वर्नॉनने ते टोक कापून फ्रिजवर चुंबकाने लावलं आणि मरेपर्यंत भावाशी एक शब्द बोलला नाही. डेलमार रविवारी जेवायला गेला की वर्नॉन म्हणायचा, "आर्डिस, त्याला बटाटे हवेत का विचार."

आज डेलमारला एवढंच हवं होतं, की भावाची एक तरी गोष्ट आपल्या हातून नीट व्हावी.

तिन्ही टिप-अप लागले. फळ्या भोकांवर आडव्या बसल्या, दोरीच्या चकऱ्या पाण्यात बुडाल्या, लाल निशाणं वाकवून अडकवली. डेलमारने वर्नॉनच्या ट्रकमधून कॉफीचा डबा आणला. कलशबिलश नको, मला रोजच्या डब्यात ठेवा, असंही वहीत होतं. आर्डिसने टोपी काढून प्रार्थना म्हटली आणि राख मधल्या भोकात ओतली. राखेबरोबर एक वाकडा खिळा खळकन बर्फावर पडला.

"गुडघ्यातला असणार," आर्डिस हळूच म्हणाली. "ऑपरेशन झालं होतं ना."

"हो, हो," डेलमार म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. त्याने तो खिळा रुमालात गुंडाळून छातीशी ठेवला.

आर्डिस थंडीने कुडकुडायला लागली, म्हणून त्याने ट्रक जवळ आणायचं ठरवलं. बर्फ काचेसारखा गुळगुळीत होता, चाकं जागीच भिरभिरली. अशा वेळी इथला माणूस करतो तेच त्याने केलं. वर्नॉन चुलीतली राख तसल्याच एका कॉफीच्या डब्यात भरून कायम ट्रकमध्ये ठेवायचा. डेलमारने ती मागच्या चाकांखाली सढळ हाताने पसरली. ट्रक झटक्यात पुढे गेला.

"वा!" तो खाली उतरून म्हणाला. "वर्नॉन गेला, पण अजून कामाला येतो."

आर्डिस खाली वाकली होती. ती चाकाच्या खुणेतून चमकणारं काहीतरी उचलत होती. दहनगृहात देहाबरोबर ठेवतात तसली पितळेची छोटी चकती होती, वर नंबर कोरलेला. दहनगृहातल्या कागदावर तिने तोच नंबर पाहून सही केली होती.

"डेलमार."

"काय?"

"मी प्रार्थना कुणावर म्हटली?"

डेलमारने एकदा चकतीकडे पाहिलं, एकदा चाकाकडे, आणि मग रुमालातला खिळा काढला. वर्नॉन चुलीत जुन्या खोक्यांची लाकडं खिळ्यांसकट जाळायचा, हे त्याला आत्ता आठवलं.

"चुलीवर," तो म्हणाला.

"आणि माझा नवरा?"

"तू... जरा बाजूला हो. तू त्याच्यावर उभी आहेस."

मग दोघं गुडघ्यांवर बसून वर्नॉनला खरवडायला लागले. राख चाकाने बर्फात दाबली गेली होती, ती खपल्यांसकट निघाली. त्या खपल्या मधल्या भोकात टाकल्या, तर त्या वर तरंगायला लागल्या. डेलमारने भोकातला बर्फ काढायच्या पळीने खाली ढकलल्या, त्या पुन्हा वर आल्या.

"हट्टीच होता," आर्डिस म्हणाली. "थर्मास आण."

कढत कॉफी ओतल्यावर बर्फ विरघळला आणि वर्नॉन एकदाचा खाली गेला.

"साखर होती तिच्यात," डेलमार चाचरत म्हणाला. "तो बिनसाखरेची प्यायचा."

"आता गप्प बस."

चकती मात्र आर्डिसने सोडली नाही. "ही मी घरी नेणार. फ्रिजवर लावणार. पण आधी त्याच्या दोरीवर एकदा खाली जाऊ दे, सूर्य बुडेपर्यंत. तेवढं तरी नीट कर."

डेलमारने तिसऱ्या टिप-अपचा तंगूस वर घेतला, गळ सोडला, चकती ओवली, गळ पुन्हा बांधला. पाच वेढे घातले. थुंकी लावायला तोंड उघडलं, पण तोंडाला कोरड पडली होती. आर्डिस पाहत होती. त्याने गाठ ओठांना लावून ओढली आणि "केली" म्हणाला.

सूर्य पाइनच्या शेंड्यांना टेकला. दोघं निशाणांकडे बघत बसले होते. तेवढ्यात तिसरं निशाण ताडकन उभं राहिलं.

डेलमार धावला, घसरला, रांगत पोचला. दोरी हाताखाली जड लागत होती. तो एकेक हात दोरी वर घेत गेला. भोकाच्या तोंडाशी पितळ चमकलं, आणि त्याच्यामागे दोन काचेसारखे डोळे.

"आर्डिस! तोच!"

"हळू! हळू घे, मेल्या!"

दोरी सैल पडली.

डेलमारने टोक वर घेतलं. ते वळलेलं होतं. तो त्या टोकाकडे बघत राहिला. मग काळ्या पाण्यावर वाकून म्हणाला, "सुटली रे, वर्नॉन." पाण्यातून उत्तर आलं नाही. पण वर्षभर त्याला या भावाकडून याहून जास्त काय मिळालं होतं? अडुसष्ट वर्षांचा डेलमार बर्फावर बसून हमसून हमसून रडायला लागला.

आर्डिस त्याच्याजवळ आली. मग तिने खिशातून छोटी कात्री काढली आणि वळलेलं टोक कापून घेतलं.

"हे कशाला?" डेलमारने नाक पुसत विचारलं.

"फ्रिजवर लावायला. जुन्याच्या शेजारी."

"मला शिक्षा म्हणून?"

"तुला कशाला?" आर्डिस म्हणाली. "कुणी विचारलं वर्नॉन कुठे आहे, तर दाखवायला नको? त्या माशाच्या मागे गेलाय म्हणून सांगेन." तिने टोक हातमोज्यात ठेवलं. "ऊठ आता. रविवारी जेवायला ये. आणि बटाटे हवे असले तर तूच माग."