वानखेडे सर आणि दाराची बेल

हिंगोलीजवळच्या आमच्या घराला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. आई-बाबा वीटभट्टीवर. त्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. चंदीगडला कायदा शिकायला आले तेव्हा दार या वस्तूचं मला कौतुकच होतं. दाराला घाबरणारा माणूस मात्र तिथल्या मनीमाजरा वस्तीत, भाड्याच्या खोलीत राहतानाच पाहिला.

वानखेडे सर माझ्या खोलीखाली राहायचे आणि विद्यापीठात आम्हालाच शिकवायचे. बेल वाजली की आतून आधी खाट ओढल्याचा आवाज, मग "कोण आहे?", मग बूट लपवल्याची खुडबुड, मग पुन्हा "कोण आहे?" दूधवाला दोन्ही वेळा इमानदारीत सांगायचा, "दूध, जी."

कारण आत हरजीत असायचा. जगाला सांगायला रूममेट; दोघांचे केस पिकेपर्यंत टिकलेला.

वर्गात हेच सर वाघ. एकानं विचारलं, "सर, गुन्हा नाही म्हणून समलैंगिक संबंध नैतिक झाले का?" सर म्हणाले, "नैतिकता कुणाची? बहुमताची? मग राज्यघटना कशाला लिहिली, बेटा?"

संध्याकाळी जिन्यात मी कौतुक करायला गेले, तर त्यांनी आधी वर-खाली पाहिलं. "हळू बोल गं. गुन्हा नाही, एवढंच. लग्न नाही, नातं नाही. उद्या घरमालकानं सामान रस्त्यावर ठेवलं तर हा माझा कोण, काय सांगू? कायद्यानं ठीक आहे, लोकांचं सांगता येत नाही." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हेल्मेट घालतानाही हेच म्हणायचे.

दिवाळीत अमरावतीहून त्यांची ताई येणार होती. रक्ताच्या नात्याचं तेवढंच माणूस उरलेलं. "तिला कळलं तर तीही जाईल," सर म्हणाले आणि हरजीतला जवळच्याच झिरकपूरला मित्राकडे पाठवलं. त्याचे बूट, पगड्या, लोणच्याची बरणी माझ्या खोलीत आली. झडती येणार असल्यासारखं सरांनी घर आवरलं.

भाऊबीजेला ताईंनी मलाही फराळाला बोलावलं. "बाळू, चहा ठेव बरं," त्या सरांना म्हणाल्या.

सरांनी एक डबा उघडला. हळद. दुसरा, रवा. तिसऱ्यात राजमा. त्यांच्या मानेवर घाम आला.

"तुह्याच घरात साखर कुठी हाय, तुले माहीत नाही?"

"डबे नवीन आहेत, ताई."

"मंग रोज सयपाक कोन करते?"

सर राजम्याचा डबा छातीशी धरून उभे राहिले.

ताईंनी बोटांना लागलेला चिवडा झटकला. "मी फोन केला का मांगून कोनीतरी पुसते, ताई जेवल्या का. तो कुठी हाय?"

"झिरकपूरले."

"सनाच्या दिवशी घरच्या मानसाले बाहेर काढलं?"

"तुले कळलं तर तू येनार नाही, असं वाटलं," सर कसेबसे बोलले.

"लय दिवस राग व्हता मले. समजत तर अजूनबी नाही. पन बोलाव त्याले. चहा थांबते."

हरजीत आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, आत यावं की नाही ते न कळून. ताईंनी दोन पाट मांडले. सरांच्या डोक्यावर रुमाल टाकला, हरजीतच्या पगडीकडे पाहून म्हणाल्या, "याचं बरं हाय, तयारीनंच आला."

ओवाळून घेताना सर लहान पोरासारखे रडले.

कायदा होता तिथेच आहे. ताई मात्र आता दर दिवाळीला येतात आणि दोघांनाही ओवाळतात.