शटर उतरवणाऱ्या शिंगाडे मॅडम

शिंगाडे मॅडम आमच्या वास्तुशांतीला आल्या आणि बायकोनं दिलेला सरबताचा पेला त्यांनी तसाच हातात धरून ठेवला. म्हणाल्या, "वहिनी, बाटली दाखवा की." बायकोनं कौतुकानं बाटली आणली. मॅडमनी ती उलटी फिरवून मागचं बारीक अक्षरातलं सगळं मोठ्यानं वाचलं आणि जाहीर केलं, "हिची मुदत गेल्या दिवाळीतच संपली हाय." हॉलमधल्या पाहुण्यांनी एकदम पेले खाली ठेवले. त्यात आमचे साहेबही होते. त्यांचा पेला रिकामा होता.

बायको अजून त्यांचं नाव घेत नाही. "तुमची ती बाटलीवाली" म्हणते.

मॅडम सोलापूरला आमच्याच कृषी कार्यालयात कीटकनाशक निरीक्षक. मीही त्याच कामावर, शेजारच्या टेबलावर. फवारणीच्या औषधांची दुकानं तपासायची, संशय आला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि दोष निघाला तर परवाना निलंबित करावा म्हणून साहेबांकडं प्रस्ताव द्यायचा. मी दुकानात गेलो की पहिल्यांदा ओरडतो. मॅडमना ते अजिबात पसंत नाही. "मानेसाहेब, आवाज चढवायचा न्हाय, शटर उतरवायचं."

कुणी म्हणालं, असल्यांना पोलिसात द्या, तर त्या मान हलवत. "कोर्टात तारखा पडत्यात, तवर ह्यो विकतच ऱ्हातोय. ऐन हंगामात दुकानाला कुलूप बसू दे, मग बघा कसा सुधारतोय."

सांगोल्याकडं आमची जीप वळली की दुकानदारांचे फोन एकमेकांना लागतात. एकदा एका दुकानाचं शटर आमच्या डोळ्यादेखत खाली आलं. शेजारचा टपरीवाला म्हणाला, "मालक गावाला गेल्यात." मॅडमनी पायरी पदरानं झाडली आणि त्यावर बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बागाईतदारांना डाळिंबावर काय फवारायचं, तोंडाला फडकं कसं बांधायचं, हे सांगत राहिल्या. ऊन चढलं. पत्रा तापला. मग आतून एक सणसणीत शिंक आली. मॅडम शटरकडं तोंड करून मायेनं म्हणाल्या, "या बाहेर. आत औषधाचा वास बाधंल तुमाला."

मालक घामानं निथळत बाहेर आले. मॅडमनी आधी त्यांना पाणी पाजलं, मग नमुने घेतले.

अशा बाईला कशाची भीती नसते असं आम्ही धरून चाललो होतो. मग करकंबची तक्रार आली. केळीच्या बागेत फवारणी करणारी एक मजूर बाई चक्कर येऊन पडली होती, दवाखान्यात होती. बाटलीवर नुसतं 'सेंद्रिय टॉनिक' लिहिलेलं. पाण्यात किती घालायचं, काय काळजी घ्यायची, काही नाही. ती बाटली ज्या दुकानातून आली, ते मॅडमच्या धाकट्या भावाचं. बाळूचं. आई लवकर गेली, तेव्हा मॅडमनीच त्याला वाढवलेलं. मॅडमनी लग्न केलं नाही. घरचं माणूस म्हणून तेवढा एकच.

साहेबांनी तक्रार मोठ्यानं वाचली. मॅडमच म्हणाल्या, "माजा सख्खा भाऊ हाय. मी तपासणी करणं बरोबर न्हाय. मानेसाहेबांना पाठवा."

जीप एकच होती आणि मॅडमना त्याच दिवशी पुढं सांगोल्याला जायचं होतं, म्हणून त्या बरोबर आल्या. दुकानापासून लांब, कडुलिंबाखाली त्यांनी गाडी थांबवायला लावली. उतरल्या नाहीत.

बाळूनं मला ओळखलं. "आक्का आलीय व्हय?"

"गाडीत आहेत."

"मग आत बोलवा की. च्या तरी घिऊन जाऊ दे."

"नाही येणार त्या."

काही न लपवता त्यानं उरलेल्या बाटल्या समोर आणून ठेवल्या. मी नमुने सील केले. गाडीत आलो, तर काय सापडलं हे मॅडमनी विचारलंच नाही. बराच रस्ता गेल्यावर म्हणाल्या, "वाळलाय का वं तो?"

अहवाल आला. टॉनिकात जहाल कीटकनाशक निघालं. मजूर बाई सुदैवानं बरी होऊन घरी गेली होती. मॅडम दर रविवारी तिला बघायला जात होत्या, हे मला तिच्या नवऱ्याकडून कळलं.

सुनावणीच्या दिवशी मॅडमनी रजा टाकली होती. तरी सकाळी त्या आल्या आणि माझ्या टेबलावर एक डबा ठेवला. "बाळू एसटीनं येईल. काय खाल्लं नसंल. परीक्षेच्या दिवशी बी त्याच्या घशाखाली घास उतरायचा न्हाय. सुनावणी झाल्यावर द्या. आदी न्हाय."

"आधी का नको?"

"आदी दिला तर त्याला वाटंल, आक्का सोडवणार हाय." आणि जाता जाता म्हणाल्या, "माजा म्हणून सांगू नका."

बाळूनं चूक कबूल केली. साहेबांनी पूर्ण हंगामासाठी परवाना निलंबित केला. तो बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला. मी डबा पुढं केला. भाकरी, शेंगांची चटणी, भरली वांगी.

"कुणाचा?"

"कॅन्टीनचा."

तो वांग्यांकडं बघत राहिला. "कॅन्टीनमदी देठं काढून वांगी करत्यात व्हय? मला देठं चालत न्हाईत, हे एकाच माणसाला ठावं हाय."

मी रस्त्याकडं बघितलं. तो खाली मान घालून जेवला, नळावर डबा घासून आणला आणि माझ्या हातात देत म्हणाला, "कॅन्टीनवालीला सांगा, मीठ जरा कमी पडलंय."

दुसऱ्या दिवशी मी निरोप पोचवला. "कमी न्हवतं," मॅडम फणकाऱ्यानं म्हणाल्या, "मी चाखलं हुतं." मग जरा थांबून, "सगळं खाल्लं न्हवं त्यानं?"

"सगळं."

त्या दिवशी त्यांनी हेच मला पुन्हा पुन्हा विचारलं. मीही प्रत्येक वेळी, जणू पहिल्यांदाच सांगतोय, असं सांगितलं.